न पाहिलेला महाबळेश्वर

मला हळू बोलता येत नाही. साठी आली, केस पांढरे झाले, डाव्या कानाला कमी ऐकू येतं, पण आवाज आहे तिथंच आहे. मुलगा म्हणतो, आई, दवाखान्यात तरी जरा दमानं बोल. मी म्हणते, माझी सगळी हयात दवाखान्यात गेली, तिथं कसं बोलायचं ते मला कोण शिकवणार? पण एक वर्ष असं होतं की मी हळू बोलायला लागले होते. अगदी तोंडातल्या तोंडात. घरात आईला चहा हवा का विचारायचं तरी आधी मनात दोनदा म्हणून बघायची. माझ्याकडे आज ज्या पोरी इंग्रजी शिकायला येतात त्यांना हे सांगितलं की त्या खिदळतात. हसून झालं की विचारतात, मग मॅडम, तुम्ही काय केलं? ते काय केलं हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागं पत्र्याचं छप्पर घातलेलं परडं. आई चटणी करून द्यायची. उन्हाळा लागला की पेठेतली निम्मी घरं तिच्याकडं मिरच्या आणून टाकायची. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. वर धने, तीळ, खोबरं, आणि शेवटी तळलेला कांदा आणि लसूण. परड्यात मोठ्या कढईत ती मसाला भाजायला बसली की गल्लीत नवीन माणूस आला तरी त्याला घर विचारावं लागायचं नाही, ठसका लागला की पोचलात. आमच्या घरात शिंकल्याशिवाय कुणी वाक्य पुरं केलेलं मला आठवत नाही. आईचा आवाज त्या सगळ्याच्या वर. उखळात मुसळ चालू असताना तिचं बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू जायचं, आणि ती भांडत नसायची, भाजी काय करू एवढंच विचारत असायची. जेवायला भाकरी, ताजी चटणी, वर कच्चं तेल, बाजूला घट्ट दही. त्यानंतर जगात मी बरंच काही खाल्लं. त्याच्या जवळपास जाणारं काही मिळालं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते, नम्रतेनं नाही.

आबा महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. तरुणपणी तालमीत लढायचे. दोन्ही कान मोडून गोळा झालेले, मान जाड, बोलणं कमी. संध्याकाळी टाकीवरनं सुटले की तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि नव्या पोरांचा जोर बघायचे. जोर म्हणजे जोडीदाराबरोबरचा रोजचा सराव. घरी येऊन एवढंच म्हणायचे, 'आज तो बारका बरा खेळला.'

मी नर्स होते. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तीन वर्षं झाली होती. विलायतेतल्या एका हॉस्पिटलला नर्सेस हव्यात म्हणून मी अर्ज धाडला, आणि खरंच पत्र आलं. नोकरी पक्की, पण इंग्रजीची परीक्षा द्यायची, चारी भागांत नऊपैकी सात बँड, म्हणजे गुण, आणायचे, आणि वर्षअखेरपर्यंत आणायचे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. पत्र घेऊन मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते चांगले होते, वाईट बोलले नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाले, 'शैला, केरळच्या मुली जातात त्या वेगळ्या. आपल्या मुलींना नाही जमायचं ते.' मला कशासाठी जायचं होतं, असं मुलाखतीत वगैरे विचारतात तेव्हा मी काहीबाही सांगते. खरं कारण ते वाक्य होतं. त्या दिवशी मी ठरवलं, जाणार. मरू दे काय व्हायचं ते, जाणार.

त्या काळी अशा परीक्षेची तयारी करून घेणारा एकच क्लास मला ठाऊक होता, शाहूपुरीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चालवणारे सर साठीच्या आतबाहेरचे, कडक इस्त्रीचे, कधीही आवाज न चढवणारे. खाली जिन्याच्या तोंडाशी काळी पाटी होती आणि तिच्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं पास झालेल्यांची नावं, प्रत्येकापुढं आकडा. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या हातात एक पिवळी वही ठेवली. आत बेचाळीस उत्तरं. माझा आवडता सण, माझा आदर्श, माझा अविस्मरणीय प्रवास. प्रवास म्हणजे काकांबरोबर महाबळेश्वर, पहाटेची थंडी, आणि डोंगरामागून वर येणारा सूर्य, 'लाइक अ बिग ऑरेंज'. सर म्हणाले, 'ही वही पाठ करा. स्वतःचं काही घालू नका. स्वतःचं घातलं की चुका होतात.' मी महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. मला काका नव्हते. पण पंधरा दिवसांत तो सूर्य मला झोपेतसुद्धा वर काढता यायला लागला.

आणि दुसरी गोष्ट, आवाज. मी बोलायला उभी राहिले की सर हाताचा पंजा खाली दाबल्यासारखा करायचे. हळू. आणखी हळू. 'इंग्रज माणूस इतक्या मोठ्यानं बोलत नाही, शैला. आणि ते कोल्हापूर जरा जिन्याखाली ठेवून येत जा.' वर्ग हसायचा. एकदा निघताना मी सवयीनं म्हणाले, 'येतो सर.' आमच्याकडं पोरीबाळी असंच बोलतात, येतो, जातो, जेवलो. सरांनी मला थांबवून सगळ्यांसमोर तीनदा 'येते' म्हणायला लावलं. इंग्रजीच्या क्लासात माझं मराठीसुद्धा दुरुस्त झालं. रोज संध्याकाळी ड्युटी संपवून घरी जायचं, तोंड धुवायचं आणि चालत शाहूपुरीला. घरातून निघताना आईला ओरडून सांगायची. मिरजकर तिकटीला, म्हणजे पहिल्या तिठ्यावर, कुणी ओळखीचं भेटलं तर साधं बोलायची. बिंदू चौकात आवाज उतरायचा. लक्ष्मीपुरीपर्यंत ओठ हलायचे, आवाज नसायचा, काकांबरोबरचा महाबळेश्वर चालू. जिना चढताना तर घसाच बंद. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

परीक्षा पुण्यात. आमच्या क्लासातले आम्ही सातजण एकाच दिवशी. पहिले तीन भाग बरे गेले. बोलण्याला एक इंग्रज बाई होत्या, पांढरे केस, चष्मा साखळीला बांधलेला, टेबलावर टेपरेकॉर्डर. कार्ड दिलं, त्यावर विषय होता लक्षात राहिलेला प्रवास. मला आनंद झाला, लाज वाटते सांगायला. मी सुरू केलं, काका आले, पहाट झाली, थंडी वाजली, आणि सूर्य वर यायला लागला तसं बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी सभ्यपणानं विचारलं, 'लाइक अ बिग ऑरेंज?' बाई म्हणाल्या की सकाळपासून त्या चार वेळा महाबळेश्वरला जाऊन आल्या आहेत. मग म्हणाल्या, तुमच्या घरच्यांबद्दल सांगा, तुमची आई काय करते? एवढा सोपा प्रश्न. आणि मी काय सांगितलं? 'माय मदर इज अ हाउसवाइफ. शी इज व्हेरी काइंड.' पिवळ्या वहीतलं पान नववं. भट्टीसारख्या परड्यात बसून पेठेला चटणी पुरवणारी माझी आई, आणि मी तिचं हे केलं. बोलण्यात साडेपाच आले. सातांपैकी पाचजणांचं असंच झालं होतं.

सरांना मी महाबळेश्वरचं सगळं सांगितलं. ते वही चाळत म्हणाले, 'उत्तर बरोबर होतं. तुझा उच्चार आडवा आला. तुझी जीभ त्या वळणाची नाही, आता या वयात वळणार नाही. मी तुला खोटी आशा दाखवत नाही.' ते मनापासून बोलत होते, म्हणून जास्त लागलं. वर्षअखेर चार महिन्यांवर आली होती. त्याआधी एकदाच पुन्हा बसता येणार होतं. ती संधी गेली की नोकरीचं पत्र गेलं.

आठवडाभर मी घरात मुक्यासारखी वावरले. शेवटी आईच भडकली. कांदा चिरत होती, सुरी तशीच हातात. 'घरात कोन मेलंय का? आल्यापास्नं तोंडातल्या तोंडात काय बोलायलीस? बोल की नीट.' मी रडत सगळं सांगितलं. पिवळी वही दाखवली. आबा दारात बसून ऐकत होते. त्यांनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली, वाचता येत नव्हतीच. विचारलं, 'ह्यात समोरचा काय इचारनार ते लिवलंय?' मी म्हटलं, व्हय. 'आनि तू काय बोलायचं ते बी?' व्हय. आबांनी वही खाली ठेवली. 'मग जोर कुठं हाय ह्यात?' मला कळेना. आबा म्हणाले, 'वस्ताद डाव एकदाच दावत्यात. म्होरं वर्षभर जोर. आनि जोर करताना समोरचा काय टाकनार ते ठावं नसतंय, म्हनून तर अंग शिकतंय. ह्यो सर तुला फोटूसंगं कुस्ती खेळायला लावतोय.' एवढं बोलणं आबांनी माझ्या लग्नातसुद्धा केलं नाही.

जोडीदार कोण, हा प्रश्न होता. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. आई म्हणाली, 'मी इचारतो मराठीत. तू सांग विंग्रजीत. मला कळायची काय गरज हाय?' क्लासला जाणं मी थांबवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून हे सुरू. ती कढईवर, मी समोर पाटावर. ती भाजता भाजता मनाला येईल ते विचारणार, मी श्वास घेऊन लगेच इंग्रजीत बोलायचं, थांबायचं नाही. थांबले की ती उलथणं कढईच्या काठावर वाजवायची. आजचं पाणी का उशिरा आलं? खोबरं कुठलं चांगलं? तुला नवरा कसला पाहिजे? रॉकेलच्या रांगेत तुझ्या पुढं कोण घुसली आणि तू तिला काय बोललीस? शब्द सापडला नाही तर दोन सोपे शब्द जोडून रस्ता काढायचा, पण थांबायचं नाही. ठसका लागला तरी बोलायचं. पहिल्या आठवड्यात ते उलथणं इतकं वाजलं की समोरच्या सुतारकाकू बघायला आल्या, आणि मग त्याही रोज यायला लागल्या. त्यांचे प्रश्न आईपेक्षा वाईट. त्यांच्या सुनेचं काय चुकतं ते मी त्यांना इंग्रजीत पाच मिनिटं समजावून सांगितलं होतं. सून दारात उभी होती, तिला बारावीपर्यंतचं इंग्रजी येत होतं, ती पदर तोंडाला लावून हसत होती.

एकदा आईनं विचारलं, 'तुझ्या आत्याचं आनि माझं का पटत न्हाई?' मी सुरू झाले. इंग्रजीत होतं म्हणून भीड वाटली नाही. आत्या कुठं चुकते ते सांगितलं, मग आई कुठं चुकते तेही सांगितलं, चांगलं सविस्तर, हातवारे करून. आई भाजायची थांबली. 'शब्द कळला न्हाई एक, पर माझ्याबद्दल वाईट बोललीस येवढं कळलं.' मी घाबरले. ती म्हणाली, 'म्हंजे येतंय की तुला.' आणि पुन्हा कढईत उलथणं घातलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की जमेल.

दवाखान्यातही मी तेच धरलं. पेशंट म्हणायचा, चमक निघतीया. दुसरा म्हणायचा, ठणकतंय. तिसरी म्हणायची, नुसती आग आग होतीया. प्रत्येकाचं दुखणं मी मनात इंग्रजीत सांगून बघायची, आणि बसत नसेल तर बसेपर्यंत सोडायची नाही. राधानगरीकडचा एक म्हातारा म्हणाला, पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळतंय. ते मी जसंच्या तसं इंग्रजीत म्हटलं आणि बसलं. पुढं विलायतेतल्या वॉर्डात एका बाईला काय होतंय ते सांगता येईना, मी विचारलं, ओलं फडकं पिळल्यासारखं? तिनं माझा हात धरला. आणि जाता जाता सांगते, तिकडचे इंग्रज मोठ्यानं बोलत नाहीत म्हणणाऱ्यानं आमच्या वॉर्डात यायला हवं होतं. आमची हेड नर्स एका टोकाकडून बोलली की दुसऱ्या टोकाचे पेशंट उत्तर द्यायचे. मला ती फार आवडायची.

दुसऱ्या खेपेला पुण्यात बाई नव्हत्या, एक गृहस्थ होते, चेहरा कोरा. कार्ड पुढं सरकवलं. शब्द थोडे वेगळे, पण विषय तोच, प्रवास. विचार करायला एक मिनिट. आणि तो मेला सूर्य आपोआप वर यायला लागला. खरं सांगते, तयार होतं सगळं, काका, पहाट, थंडी, नुसतं तोंड उघडायचं. नवीन काही बोलायला जावं आणि अडकावं, तर पत्र गेलं, डॉक्टर खरे ठरले, सर खरे ठरले. कागदावर मी एक शब्द लिहिला नाही. पेन्सिल ठेवून दिली. कानात उलथणं वाजलं आणि मी सुरू केलं. म्हटलं, मी फार लांब कधी गेले नाही. मी तुम्हाला माझ्या घरापासून माझ्या क्लासपर्यंतचा प्रवास सांगते. चालत अर्धा तास. निघताना माझा आवाज एवढा असतो, आणि मी तो एवढा काढून दाखवला. गृहस्थ दचकले. पहिल्या तिठ्यावर तो इतका होतो. मोठ्या चौकात इतका. जिन्यापाशी मी उरतच नाही. मग परतीचा प्रवास सांगितला, मिरच्यांचा ठसका लागला की घर जवळ आलं हे कसं कळतं ते, आईची कढई, आबांचे मोडलेले कान. पाच तरी चुका केल्या असतील, मागं वळले नाही. त्यांनी हात वर करून थांबवलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण सुतारकाकू सांगायच्या राहिल्या होत्या. ते फक्त 'थँक यू' म्हणाले. चेहऱ्यावर काही नाही.

निकाल टपालानं आला. बोलण्यात साडेसात. बाकी सगळीकडं सात. आबांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आणि म्हणाले, 'बरी खेळली.' आईनं त्या दिवशी दुसऱ्याच्या मिरच्या भाजताना करपवल्या. तसं तिच्याकडनं कधी होत नव्हतं.

चार दिवसांनी दवाखान्यातली एक मैत्रीण म्हणाली, अगं तुझं नाव लागलंय की शाहूपुरीत. मी ड्युटी संपवून तशीच गेले. जिन्याच्या तोंडाशी, काळ्या पाटीवर सगळ्यात खाली, ओल्या पिवळ्या रंगात माझं पूर्ण नाव आणि पुढं साडेसात. दवाखान्यातल्या कुणाकडून तरी सरांना आकडा कळला असणार. ज्या जिभेला वळण नव्हतं तिचं नाव. मी घरी आले, रॉकेलच्या बाटलीत चिंधी बुडवून बोळा केला आणि परत गेले. पुसायला लागले तोवर सर खाली आले. अगदी शांतपणे म्हणाले, 'शैला, हे काय करतेस? तू माझ्याच क्लासची विद्यार्थिनी आहेस.' मी म्हटलं, 'तुमच्याकडनं गेलतो तवा नापास झालो, सर. पास घरातनं झालो.' ते म्हणाले, 'असं करू नये. तुझं नाव बघून चार मुली येतील, त्यांचं भलं होईल.' म्हटलं, 'तेच नको हाय मला. त्या येत्याल आनि सूर्योदय पाठ करत्याल.' सरांनी वर बघितलं आणि हाताचा पंजा खाली दाबला. 'हळू बोल. वर वर्ग चालू आहे.'

तो पंजा बघितला आणि माझं डोकं फिरलं. सरांचा मान ठेवायला हवा होता असं नंतर अनेकांनी मला सांगितलं. असेल. मला आजही तसं वाटत नाही. मी पेठेतल्या आवाजात, वरच्या मजल्यावर नीट ऐकू जाईल असं म्हटलं, 'महाबळेश्वर मी अजून बघितलेलं न्हाई. माझी आई चटणी करती, तेवढं सांगितलं आनि पास झालो.' वर बाकांचा आवाज झाला. जिन्याच्या कठड्यावर दहाबारा तोंडं आली, प्रत्येकीच्या हातात पिवळी वही. रंग ओला होता तरी सहज निघत नव्हता, मी घासघासून नाव काढलं, आकडा काढला, तिथं एक पिवळट डाग राहिला. मग सरांना नमस्कार केला आणि म्हटलं, 'येतो सर.' त्यांनी दुरुस्त केलं नाही.

परत येताना लक्ष्मीपुरीत मी स्वतःशीच बोलत होते, मोठ्यानं. बिंदू चौकात एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं विचारलं, काय ताई, कुनाशी भांडून आलासा? मी त्याला सगळं सांगितलं. मिरजकर तिकटी ओलांडली आणि ठसका लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर आई हातात उलथणं घेऊन दारात उभी, मला रॉकेलचा बोळा नेताना तिनं बघितलं असणार. तिथूनच तिनं विचारलं, 'काय झालं गं?'

'पुसलं,' मी म्हटलं.

'मोठ्यानं सांग की, ऐकू यीना.'

मी परत सांगितलं, आणि या वेळी सुतारकाकूंनीही खिडकी उघडली.